नव्याचे नऊ दिवस आणि दहावा

मराठीत एक शब्द आहे, आरंभशूर. शाळेत असताना बाईंनी तो माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. शूर म्हणजे चांगलंच की! :-)

अर्थ कळायला बरीच वर्षं लागली. आज वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मी सांगू शकतो की बाईंचं निदान अचूक होतं. पुण्यात नोकरीला लागल्यापासून मी व्यायाम सहा वेळा सुरू केलाय. दोनदा जिमची वर्षभराची फी एकदम भरून, एकदा पोहण्याचा पास काढून, एकदा सूर्यनमस्काराचा संकल्प सोडून, एकदा महागडे बूट घेऊन आणि एकदा सायकल घेऊन. सायकल अजून आहे. तिच्यावर टॉवेल छान वाळतात.

गंमत म्हणजे सहाही प्रयत्नांचा आलेख एकसारखाच होता. मोबाइलमधला पावलांचा जुना हिशेब एकदा एक्सेलमध्ये टाकून बघितला. पहिले आठ-दहा दिवस उंच डोंगर, मग उतार, मग सपाट पठार. नव्याचे नऊ दिवस ही म्हण ज्याने कोणी पाडली त्याच्याकडे एक्सेल नव्हतं, पण निरीक्षण जबरदस्त होतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला आहे का? वडिलांना आहे, म्हटलं. त्यांनी कागदावरून मान वर करून माझ्या पोटाकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

त्यानंतर ज्याला त्याला सांगावं तो एकच म्हणायचा, "तुझं मोटिव्हेशन कमी पडतंय." मग व्हिडिओ यायचे. पहाटे चार वाजता उठणारे उद्योगपती, टायर उलटे करणारे नट, मागे ढोल वाजतायत. मी ते मनापासून बघायचो. अंगावर काटाही यायचा. दुसऱ्या दिवशी सात वाजता मात्र गजर बंद करून झोपायचो.

तर आजचा मुद्दा असा, की मोटिव्हेशन कमी पडतं हे निदानच मला चुकीचं वाटतं. मोटिव्हेशन कमी पडणारच. ते नेहमी, सगळ्यांचंच कमी पडतं. त्याच्या भरवशावर व्यायाम ठेवणं ही डिझाइनमधली चूक आहे, आणि ती चूक आपण स्वभावाच्या नावावर खपवतो. हे मला ज्या माणसाकडून कळलं, त्याने आयुष्यात एकही मोटिव्हेशनल व्हिडिओ बघितलेला नाही.

*

आमचं गाव नरडाणा. धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका. मुंबई-आग्रा रोडने धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की सोनगीर मागे पडल्यावर लागतं. सुरत-भुसावळ लाइनवर आमचं स्टेशन आहे. एका बाजूला शिंदखेडा, दुसऱ्या बाजूला बेटावद आणि मग अमळनेर. माझे वडील, आप्पा, याच लाइनवर नोकरीला होते. आधी गँगमन, मग बावीस वर्षं कीमन.

कीमन म्हणजे काय हे शहरातल्या मित्रांना नेहमी समजावून सांगावं लागतं. गाडी ज्या रुळांवरून धावते ते रूळ रोज कोणीतरी पायी चालून, डोळ्यांनी बघत जातो, तो कीमन. खांद्यावर हातोडा आणि पाना, सोबत लाल-हिरवी झेंडी. सैल झालेली चावी ठोकायची, ढिला बोल्ट आवळायचा, कुठे रूळ तडकलेला दिसला तर गाडी थांबवायची. आपल्या वाट्याचा पाच-सहा किलोमीटरचा पट्टा चालत जायचा, चालत यायचं. खडीवरून, स्लीपरवरून. तेव्हा ही लाइन एकेरीच होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि रुळाला हात लावता येत नाही, तेव्हाही जायचं. धो-धो पावसात तर जायचंच जायचं, कारण तेव्हाच खरी भीती.

मी एकदा हिशेब केला होता. रोजचे दहा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, बावीस वर्षं. छासष्ट हजार किलोमीटर होतात. पृथ्वीला दीड प्रदक्षिणेहून जास्त! हे आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "पन गऊ ते बेटावदलगूनच ना." गेलो तर बेटावदपर्यंतच ना!

लहानपणी एकदा, कडाक्याच्या थंडीत पहाटे ते निघालेले बघून मी विचारलं होतं, आप्पा, तुम्हाला कंटाळा नाही येत? जायचं मन होतं का रोज? आप्पा अहिराणीत म्हणाले, "ड्युटी शे ना भाऊ. मनले कोन इचारस?"

मनाला कोण विचारतं! तेव्हा मला ते फारच लाचार वाटलं होतं. आपण शिकून अशी नोकरी करायची की जिथे मनाला विचारतात, असं मी मनाशी ठरवलं होतं. तशी नोकरी मिळालीही. आणि त्या नोकरीतल्या खुर्चीवर बसून बसून सहा पॉइंट एक.

*

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

आप्पा साठाव्या वर्षी रिटायर झाले. सत्कार झाला, शाल-नारळ झालं. आम्हाला वाटलं, आता तब्येतीचा प्रश्न नाही. एवढं चाललेला माणूस, आता आरामात सकाळी फिरायला जाईल.

आप्पांनी चालणं बंद केलं. ठरवून नाही, आपोआप. सकाळी ओट्यावर चहा, मग टीव्ही, मग जेवण, मग झोप. सव्वा वर्षात वजन अकरा किलोंनी वाढलं आणि तपासणीत साखर निघाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी चांगलंच घाबरवलं. डोळे जातील, किडनी जाईल, पाय कापावा लागेल. ज्या पायांनी छासष्ट हजार किलोमीटर काढले त्या पायांबद्दल हे ऐकून आप्पा गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

मी पुण्याहून भारीतले बूट पाठवले. आप्पा दुसऱ्या दिवशी पहाटे उठले आणि निघाले. रोज फोनवर सांगायचे, आज इतकं चाललो, आज तितकं. आई म्हणाली, बरं झालं, मार्गी लागले. दहाव्या-अकराव्या दिवशी फोन केला तर आप्पा ओट्यावर.

नऊ दिवस. माझ्यासारखेच, अगदी मोजून.

मला धक्का बसला. मी आरंभशूर आहे हे मान्य. पण हा माणूस? बावीस वर्षं ज्याने पाऊस-ऊन बघितलं नाही? त्याच्याकडे इच्छाशक्ती नाही असं कोण म्हणेल? आणि मोटिव्हेशन म्हणाल तर आता जेवढं होतं तेवढं जन्मात कधी नव्हतं. नोकरीत असताना फक्त पगार जायची भीती, इथे पाय जायची भीती.

गावी गेल्यावर विचारलं. ते थोडे ओशाळले. म्हणाले, "बिनकामनं कसाले हिंडनं? कोठे जावानं तेच समजत नई."

काम नसताना कशाला हिंडायचं, कुठे जायचं तेच कळत नाही. ह्या एका वाक्यात मला माझ्या सहा प्रयत्नांचं उत्तर सापडलं. बावीस वर्षं चालणं आप्पांच्या पायांत नव्हतंच, ते ड्युटीत होतं. निघायची वेळ ठरलेली. रस्ता ठरलेला. कुठून परत फिरायचं ते ठरलेलं. आप्पा नाही पोहोचले तर गँगच्या मेटला लगेच कळणार, आणि त्यांच्या भरवशावर माणसांनी भरलेली गाडी येणार. शिवाय आप्पांच्या आधी पाऊण तास आई उठायची. चूल पेटवायची, भाकरी थापायची, डबा बांधून दारात ठेवायची. डबा तयार झाला म्हणजे माणूस निघणारच. आप्पांच्या सातत्याचं कौतुक सगळ्या गावाने केलं, सत्कारही झाला. आईच्या बावीस वर्षांच्या त्या पाऊण तासाला शाल-नारळ काही मिळालं नाही. सातत्य हा एकट्याचा गुण असतो असं आपण समजतो, ते साफ खोटं आहे.

रिटायरमेंटच्या दिवशी हे सगळं एकदम काढून घेतलं गेलं. उरले नुसते पाय आणि मन. मनाला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, जायचं का? मन म्हणालं, उद्या.

*

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे थोडं वाचन केलं. एकवीस दिवसांत सवय लागते हे आपण सगळीकडे ऐकतो. त्याचा उगम बघायला गेलो तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन निघाले. ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं. त्यातलं 'कमीत कमी' गळालं, नाकाच्या जागी जिम आली आणि झाला नियम!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे नीट मोजलं. ९६ लोक, १२ आठवडे, प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक छोटी सवय निवडायची. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाचा अंदाज थेट २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे नऊ दिवसांत उत्साह ओसरतो आणि सवय लागते दोन-अडीच महिन्यांनी. मधला जो काळ आहे, दहाव्या दिवसापासून पुढचा, त्यात उत्साहही नाही आणि सवयही नाही. माझे सहाही प्रयत्न ह्याच खड्ड्यात पडलेत. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही.

दुसरा अभ्यास तर मला आरशासारखा वाटला. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांचे तीन गट केले. एकाला व्यायामाबद्दल काहीच प्रेरणादायी दिलं नाही. दुसऱ्याला हृदयरोगाचा धोका आणि व्यायामाचे फायदे वाचायला दिले, थोडक्यात मोटिव्हेशन. तिसऱ्याला तेच वाचायला देऊन वर एक वाक्य लिहून घेतलं, की पुढच्या आठवड्यात अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. मोटिव्हेशनवाल्या गटात ३५ टक्क्यांनी. आणि तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी! एकाच आठवड्याचा हिशेब आहे आणि मुलांनी स्वतःच सांगितलेला आहे, त्यामुळे डोक्यावर घेऊन नाचायला नको. पण वेळ-जागा ठरवण्यात काहीतरी आहे, हे दिसतंच.

तसं हे कळायला ब्रिटनला जायची गरज नव्हती. आमच्या धुळ्यातलंच उदाहरण घ्या. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे कैद्यांसमोर त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. मी कॅलेंडर लावून बघितलं, बरोबर अठरा रविवार येतात. अध्याय अठरा, रविवार अठरा. एकही सुटला नाही. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते. विनोबांच्या मनोबळाबद्दल मी पामर काय बोलणार? पण रचना बघा. दिवस ठरलेला, जागा ठरलेली (तिथून कुठे जाणार म्हणा!), ऐकणारे बसलेले आणि पेन्सिल घेऊन वाट बघणारा माणूस समोर.

तेच विनोबा १९५१ मध्ये भूदानासाठी पायी निघाले तेव्हा वय होतं पंचावन्न. तेरा वर्षं चालत राहिले. रोज पहाटे अंधारात निघायचं, कारण पुढचं गाव वाट बघत असायचं. मला वाटतं ह्यात सगळं आलं. आपण जिममध्ये जातो तेव्हा पुढचं कुठलंही गाव आपली वाट बघत नसतं.

आपल्याकडे ह्याला शब्दही आहे, नेम. वारकऱ्याचा वारीचा नेम असतो. यंदा वारीला जायची इच्छा आहे का, असं कोणी वारकरी दर आषाढात स्वतःला विचारत बसत नाही. ते एकदा ठरलेलं असतं, माळ घातली तेव्हाच. मोटिव्हेशनला नेमका मराठी शब्द मी बराच वेळ शोधत होतो, प्रेरणा, उमेद, हुरूप... एकही नेमासारखा वजनदार वाटला नाही.

*

मग आम्ही काय केलं? आधी आप्पांचं सांगतो, कारण ते सोपं निघालं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात. गुडघे गेलेत, बाहेर पडणं होत नाही, पण सकाळी पेपर हातात नसला तर जीव कासावीस होतो. शेजारच्या अजून दोन घरांची तीच रड. आईनेच परस्पर ठरवून टाकलं की तिन्ही घरांचे पेपर आप्पा आणतील. (रचना करण्यात तिचा हातखंडा आहे.) आप्पा सहाला निघतात, स्टेशनच्या बाजूने लांबचा वळसा घालून फाट्यावर जातात, पेपर घेतात, तीन घरी टाकतात. उशीर झाला तर मास्तर खिडकीतून हाका मारतात. पगार शून्य, पण ड्युटी लागली. ह्या दिवाळीला दोन वर्षं होतील. गोळी सुरू आहे, वजन सात किलो उतरलंय.

माझं जरा वाकडं होतं. (मी राहतोही वाकडला.) आमच्या कामाला ठरलेली वेळ नाही. रात्री अमेरिकेशी कॉल, मध्येच रिलीज, मध्येच प्रॉडक्शन झोपतं. त्यामुळे रोज सहा वाजता वगैरे माझ्या बाबतीत थाप ठरते. मग मी वेळ सोडली आणि घटना धरली. आंघोळीआधी व्यायाम. आंघोळ कधीही होवो, सकाळी सातला किंवा दुपारी बाराला, त्याआधी दहा मिनिटं. दहाच. त्यापुढे मन लागलं तर चालू ठेवायचं, पण हिशेबात दहाच धरायची. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, तिथे मी पहिले तीन महिने कधीच पोहोचलो नाही. पण मला तेव्हा फिटनेस नको होता, दहावा दिवस हवा होता.

आणि एक मास्तर शोधले. माझा कॉलेजचा मित्र नाशिकला असतो. आम्ही एकमेकांना रोज फक्त 'झाला' एवढाच मेसेज पाठवतो. दोन दिवस मेसेज गेला नाही की फोन येतो, आणि त्या फोनवरची भाषा इथे लिहिण्यासारखी नसते. :-)

चुकलेल्या दिवसाचं काय? इथे आमच्या धंद्यातलं क्रॉन कामाला आलं. ठरलेल्या वेळी काम चालवणारा हा साधा प्रोग्रॅम. सर्व्हर बंद असल्याने सोमवारचं काम हुकलं, तर मंगळवारी तो दुप्पट काम करत नाही, पश्चात्ताप करत नाही आणि नव्या वर्षाची वाटही बघत नाही. मंगळवारचं काम मंगळवारी करतो, बस. गेल्या मार्चमध्ये एका रिलीजने माझे सलग आठ दिवस खाल्ले. पूर्वीचा मी तिथेच संपलो असतो. नवव्या दिवशी दहा मिनिटं केली आणि 'झाला' पाठवलं. त्या दिवसाचा मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा जिमच्या कुठल्याही पहिल्या दिवसाचा वाटला नव्हता.

माझी ऑफिसमधली एक सहकारी हे सगळं ऐकून म्हणाली, "तुझी आंघोळ तरी तुझी आहे. मला बाथरूममध्येही मुलगी हाका मारते." खरं आहे. ठरलेली दहा मिनिटं ही सुद्धा ऐपत आहे, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी उठण्यावर उभी असते. म्हणून माझं म्हणणं असं, की घरातला कोणी व्यायाम करत नसेल तर त्याला व्हिडिओ पाठवू नका. त्याची दहा मिनिटं मोकळी करून द्या. कुकर तुम्ही लावा, पोराला तुम्ही धरा. त्याने जास्त फरक पडेल.

मग मोटिव्हेशनचा उपयोगच नाही का? आहे. नऊ दिवसांपुरता. पण ते नऊ दिवस आपण तासतासभर घाम गाळण्यात उडवतो. त्याऐवजी तेवढ्यात वेळ ठरवा, सोबती गाठा, घरच्यांशी बोलून घ्या. दहाव्या दिवशी उत्साह निघून जाईल तेव्हा मागे एवढी व्यवस्था उरली पाहिजे.

गेल्या महिन्यात माझं एचबीएवनसी ५.८ आलं. उंबरठ्यावरच आहे अजून, पण पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय. रिपोर्ट आल्यावर आप्पांना फोन केला. बोलता बोलता तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला, आप्पा, रोज कंटाळा नाही येत?

"येस ना भाऊ, कंटाळा ते येसच," आप्पा म्हणाले. "पन मास्तरना पेपर कोन आनी?"

असो. रविवार आहे, साडेअकरा वाजलेत आणि माझी आंघोळ व्हायचीय. म्हणजे त्याआधीची दहा मिनिटंही.